व्याकूळ लेंडी

३ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे चरित्रकाराची सोय होईल. तोवर कोणी वाचायची नाही. ताई, तुलाच सांगतोय, ठेव खाली.

आधी वस्तुस्थिती. मी प्राणिसंग्रहालयात नमुना सहायक आहे. हंगामी. सकाळी पिंजऱ्यापिंजऱ्यांतून फिरायचं, ताजी विष्ठा लाकडी चमच्याने प्लास्टिकच्या डबीत घ्यायची, झाकणावर पिंजऱ्याचा नंबर टाकायचा, डब्या लॅबच्या खिडकीत ठेवायच्या. लॅबमध्ये तपासून जंतबिंत आहेत का ते बघतात. बाबा लोकांना सांगतात, मुलगा ॲनिमल रिसर्चमध्ये आहे. आई सांगते, ऑफिसात आहे. ताई खरं सांगते.

मी कॉलेज अर्धवट सोडलं असं म्हणतात, तेही चूक. भाषेच्या तासाला सर म्हणाले की शब्दांच्या जन्मकथा हुडकणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मी उभा राहून विचारलं, मग तुम्ही कोण. त्यांनी बाहेर जा म्हटलं. मी गेलो, तो परत आत गेलोच नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. (हजेरीचाही किरकोळ प्रश्न होता.)

बाबांची धमकी: महिनाअखेर नोकरीत कायम झालास तर ठीक, नाहीतर २९ तारखेला मुकाट्याने पुन्हा प्रवेश.

होणारच कायम. लॅबमध्ये मदतनीसाची पक्की जागा निघाली आहे. माणूस डॉक्टर निवडणार, पण लॅबवाली म्हणेल तो. आणि लॅबवाली म्हणजे ती.

तिच्याविषयी उद्या.

४ सप्टेंबर, मंगळवार

ती. पांढरा कोट, कानामागे मार्कर, डोळा सूक्ष्मदर्शकाला. सगळे तिला लॅबताई म्हणतात. मी म्हणणार नाही. घरी एक ताई आहे, तेवढी जन्माला पुरे. मी मॅडम म्हणतो.

महत्त्वाची नोंद: बाकी सगळ्यांना ती अरे म्हणते. अरे मुकादम, अरे माळीदादा, डॉक्टरांच्या पाठीमागे अरे हा डॉक्टर. मला एकट्याला अहो. आज म्हणाली, अहो, झाकण नीट लावा, गळतंय.

अहो कोण कोणाला म्हणतं हे मी काय लिहायचं. आई बाबांना इतकी वर्षं दुसरं काय म्हणते?

६ सप्टेंबर, गुरुवार

तिला जिंकायचं कसं, याचा शास्त्रीय विचार केला. फुलं नकोत, बागेतली तोडली तर माळी ओरडतो. कविता मुकादमाच्या हाती लागेल. मग लक्षात आलं की आम्हा दोघांमध्ये एकच गोष्ट रोज जाते-येते. विष्ठा. आणि माझ्याकडे एकच धन आहे. शब्द.

विष्ठेचे शब्द. जगातले. त्यांच्या जन्मकथांसकट. सरांच्या नाकावर टिच्चून.

वाचनालयातून जाडजूड कोश आणले. पहिलाच हात मारला तो सोन्याच्या खाणीवर. शेण हा शब्द संस्कृतातल्या छगणापासून घासत घासत आलाय. गू म्हणजे मूळचा गूथ, केवढं खानदानी नाव. जेवताना सांगितलं. बाबा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. ताई म्हणाली, शिकायला घातला होता तेव्हा तोंडातून चकार शब्द फुटत नव्हता, आता फुटला तर हा.

गाढवाला गुळाची चव काय.

७ सप्टेंबर, शुक्रवार

पाणमांजराची डबी खिडकीत ठेवली आणि सहज बोलावं तसं बोललो की मॅडम, हिला इंग्रजीत स्प्रेंट म्हणतात, जुन्या फ्रेंचमधल्या पिळून काढण्यावरून.

तिने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. चक्क काढला. म्हणाली, अहो, काय काय माहीत असतं हो तुम्हाला. मग म्हणाली, नंबर टाका त्याच्यावर.

पहिल्या वाक्यात दोनदा हो आहे. एकदा अहोमधला आणि एकदा सुटा.

मुकादम मागे उभा होता. म्हणाला, हातमोजे घाल रे आधी, मग फ्रेंच बोल. मी म्हटलं, हातमोज्यात स्पर्श मरतो. तो म्हणाला, नाही घातलेस तर तू मरशील. रसिकता नावाला नाही. रागात तसाच डबा उघडून जेवलो.

१० सप्टेंबर, सोमवार

वेग घेतला आहे. रोज एक शब्द.

शनिवारी फ्रास. अळ्या-किड्यांची विष्ठा. मूळ जर्मन, अधाशासारखं खाणं. म्हणजे शब्दात माल आत जातोय आणि प्रत्यक्षात बाहेर येतोय. तिला सांगितलं. म्हणाली, अय्या.

आज ग्वानो. समुद्रपक्ष्यांची शीट. दक्षिण अमेरिकेतली क्वेचुआ भाषा, तिथून स्पॅनिश, तिथून आपल्याकडे. खत म्हणून त्याला एवढा भाव आला की देशांनी त्याच्यापायी बेटं बळकावली. लोकांनी विष्ठेसाठी समुद्र ओलांडले आणि आमच्या घरी मला पुढच्या दाराने आत घेत नाहीत.

तिने विचारलं, हे सगळं पाठ करता का? मी म्हटलं, आपोआप राहतं. (पहाटे उठून पाठ करतो.)

११ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ

सापडलं. युरेका.

पूर्वी युरोपात शिकारी रानात हरणाची लेंडी हुडकायचा, रणशिंगात गवत घालून त्यात ती नीट ठेवायचा आणि नेऊन सरदारापुढे मांडायचा. सरदार ती निरखून ठरवायचा, हरीण तोलामोलाचं आहे की नाही. त्या लेंडीला शब्दही वेगळा, फ्यूमेट.

म्हणजे विष्ठा अदबीने पेश करण्याची जुनी रीत आहे. मी ती पुढे चालवणार. झाकणावर रुक्ष नंबर टाकून तिच्यासमोर डबी आदळायची, हा तिचा अपमान आहे. यापुढे झाकणावर शब्द.

११ सप्टेंबर. दुपार

पेश केल्या. छगण (रानगवा). स्प्रेंट (पाणमांजर). लीद (झेब्रा). ती हसली. दात दिसेपर्यंत. मग म्हणाली, अहो, पण नंबर? मी खिडकीत उभा राहून एकेक तोंडी सांगितला, तिने कानामागचा मार्कर काढून स्वतः टाकला. दहा मिनिटं समोरासमोर. नंबर टाकला असता तर दोन मिनिटांत हाकललं असतं. पद्धत यशस्वी.

मुकादम म्हणाला, झाकणावर नंबर, फक्त नंबर, हा काय पत्रिका छापायचा धंदा आहे का. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. तो म्हणाला, देवा, याला लवकर कायम तरी कर नाहीतर लवकर काढ तरी.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

एक अन्याय लक्षात आला. मराठीत घोड्याची लीद, गाईचं शेण, पक्ष्याची शीट, सगळं ऐटीत. पण लेंडी? शेळीची लेंडी, सशाची लेंडी, हरणाची लेंडी, उंटाची लेंडी. जिराफ एवढा ताडमाड, त्याचीही लेंडीच. पाच जणांत एक शब्द. हे म्हणजे एका शर्टात पाच भाऊ.

उपाय: विशेषणं. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. संस्कृत लेण्डपासून आलेल्या शब्दाला एवढा साज शोभेलच.

शिवाय डॉक्टर म्हणाले, मदतनीसाच्या जागेचं पुढच्या आठवड्यात ठरवू, लॅबताईंना विचारतो. ती माझ्याकडे बघून हसली. बाबांना सांगितलं, झालंच समजा. बाबा म्हणाले, कागद दाखव. विश्वास नाही.

१७ सप्टेंबर, सोमवार

गडबड. हरणी खात नाहीये. पोटुशी आहे, शेवटचे दिवस. डॉक्टर काळजीत. जंत असतील तर औषध द्यायला हवं, पण नसताना उगाच दिलं तर पोटातल्या पाडसाला धोका. म्हणून उद्या तिच्यासकट सगळ्या चरणाऱ्यांचे नमुने. ती म्हणाली, अहो, उद्या सगळं तुमच्या भरवशावर आहे.

सगळं. तुमच्या. भरवशावर. लग्नात याहून वेगळं काय म्हणतात?

झाकणं आजच लिहून ठेवली. पाच लेंड्या: अबोल, अवखळ, एकाकी, कृतज्ञ, व्याकूळ. सुवाच्य अक्षर, खाली वेलबुट्टी.

१८ सप्टेंबर, मंगळवार

जगात विश्वास ठेवावा असं काही नाही.

डब्या घेऊन खिडकीशी गेलो. ती नव्हती. मागच्या फाटकाशी गवताचा ट्रक आला होता, तिथे उभी. ट्रकवाला पोटल्या, मिशाळ, बनियनवर. त्याला ती हसून म्हणाली, अहो, जरा कोवळं गवत आणा की.

अहो.

बनियनवाल्याला.

डब्या खिडकीत ठेवल्या. ठेवल्या म्हणजे आदळल्या. एक शब्द न बोलता घरी आलो. फोन बंद. येऊ दे विचारायला, कळू दे किंमत. आईने विचारलं, लवकर कसा? मी म्हटलं, स्वाभिमान. ताई म्हणाली, काढला ना शेवटी?

१९ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांच्या खोलीत सगळे. डॉक्टर, मुकादम, ती, मी. टेबलावर माझी झाकणं ओळीने मांडलेली. दिवसाउजेडी वेलबुट्टी जरा जास्तच वाटत होती.

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन वाचलं: अबोल लेंडी, जंत नाहीत. अवखळ लेंडी, नाहीत. एकाकी, नाहीत. कृतज्ञ, नाहीत. व्याकूळ लेंडी, भरपूर. मग चष्मा काढून विचारलं, व्याकूळ कोण?

मुकादमाने तोंडात रुमाल कोंबला.

मी म्हटलं, नमुना दाखवा, आकारावरून सांगतो. ती म्हणाली, ते पाण्यात घोळून, गाळून तपासतात, आता कसला आकार. काल तुमचा फोन वीस वेळा लावला.

खरं सांगायचं तर आठवत नव्हतं. सोमवारी कोणाला कोणतं विशेषण दिलं होतं ते मूडवर होतं आणि मंगळवारी मूड वेगळा होता. डबी भरली तसं हाताला लागेल ते झाकण लावलं. पण एवढ्या लोकांसमोर, तिच्यासमोर, आठवत नाही म्हणायचं? तर्क केला. खात नाही, पोटुशी, एकटी उभी राहते. व्याकूळ दुसरं कोण असणार? मी छाती काढून म्हटलं, हरणी.

डॉक्टर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, शंभर टक्के. त्यांनी मुकादमाला औषधाची बाटली काढायला सांगितली. तो रुमाल काढून गंभीर झाला आणि कपाटाकडे गेला.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, अरे, खरंच खात्री आहे का? पोटात पिल्लू आहे तिच्या.

अरे.

इतके दिवस जपलेलं अहो गेलं. काय झालं कळत नाही, पण त्या अरेसमोर खोटं बोलता येईना. म्हटलं, नाही. आठवत नाही. कोणीही असेल.

बाटली परत कपाटात गेली. मुकादम म्हणाला, चल, चमचा घे.

संध्याकाळी विचार केल्यावर वाटतं, एका पाडसाचा जीव मी वाचवला. पुढेमागे लोकांना कळेल.

२० सप्टेंबर, गुरुवार

सकाळपासून पाच जनावरांच्या मागे बसून होतो. पाळीपाळीने. निसर्गाला घाई नसते. उंटाने तर वैर धरलं. बसलो की थांबायचा, उठलो की सुरू.

मुकादम बाकावर बसून बिडी ओढत म्हणाला, आता स्वभाव नीट बघून ठेव रे, कोण अबोल, कोण अवखळ. मी हातमोजे घातले होते.

झाकणावर नंबर. फक्त नंबर.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल आला. व्याकूळ म्हणजे ससा.

बालविभागातला, ढब्बू, दिवसभर गाजर खाणारा ससा. त्याला कसली व्याकुळता.

हरणीला काही नव्हतं. मागचं गवत राठ होतं, एवढंच. मिशाळाने कोवळं आणलं आणि हरणी खायला लागली. म्हणजे ट्रकवाल्याला ती अहो म्हणाली ते हरणीसाठी. शिवाय नीट लक्ष दिलं तर ती पाइप दुरुस्त करणाऱ्याला अहो म्हणते, औषध कंपनीच्या पोराला अहो म्हणते, चुकून फोन लागला तर त्यालाही अहो म्हणते. ओळख नसलेल्या प्रत्येकाला.

आणि ओळखीच्याला अरे.

मग मला परवा अरे म्हणाली, याचा अर्थ काय होतो? मी मागे नाही गेलो. मी पुढे गेलो. हे आधी कसं सुचलं नाही? पुन्हा जोमात.

२४ सप्टेंबर, सोमवार

हरणी व्याली. पाडस उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. आम्ही सगळे कुंपणाला नाक लावून. ती माझ्या शेजारी होती. म्हणाली, अरे, बघ ना.

बघ. एकेरी. आमचं जमलंय.

डॉक्टरांनी दुपारी बोलावलं. वाटलं, जागेचंच. म्हणाले, इतके दिवस उघड्या हाताने काम करत होतास म्हणे, तुझीही एकदा तपासणी करून घेऊ. ती बाहेर उभी होती. एक डबी माझ्या हातात दिली. म्हणाली, सकाळचा ताजा आण, नाक्यावरच्या पॅथॉलॉजीत मी पाठवते. आणि नाव लिही रे. फक्त नाव.

तिने प्रथमच माझ्याकडे काही मागितलं, ते हे.

२५ सप्टेंबर, मंगळवार

दिला. कोशात माणसासाठी शब्द पुष्कळ आहेत. एकही लिहिला नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार. दुपार

जंत आहेत.

डॉक्टर म्हणाले, सशाचे नव्हेत हां, ते माणसाला होत नाहीत. हे तुझे स्वतःचे. घरून आणलेले. हात न धुता जेवतोस का? मुकादम म्हणाला, फ्रेंच बोलून जेवतो.

इतके वाघ, सिंह, माकडं. अख्ख्या प्राणिसंग्रहालयात जंत दोघांना. मला आणि व्याकूळला. मुकादमाकडून ऐकून सशाच्या पिंजऱ्यावर मुलांनी तसं नावच लावलंय, व्याकूळ. मुलं गाजर घेऊन हाका मारतात. माझा एक शब्द तरी जगात रुजला.

मदतनीसाच्या जागेवर दुसऱ्याला घेतलं. ती म्हणाली, अरे, वाईट वाटून घेऊ नको, तू हुशार आहेस, पण तुला नंबर टाकायचा कंटाळा आहे. तू शिक बाबा. शब्दांचंच शिक.

तिने बाबा म्हटलं. याचाही अर्थ लावणार होतो, पण तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हेल्मेटवाला, हातात जेवणाचा डबा. ती तिथूनच ओरडली, अरे, किती उशीर रे, भूक लागली मला.

मुकादमाला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, लॅबताईंचा नवरा. रोज येतो. जिराफालासुद्धा माहीत आहे, तुला नाही? मी म्हटलं, मी नेहमी मागच्या बाजूला असतो ना. तो म्हणाला, ते खरं.

नवऱ्याला अरे. म्हणजे अहो असतं तरी गेलो आणि अरे असतं तरी गेलो.

२९ सप्टेंबर, शनिवार

कॉलेजात प्रवेश घेतला. बाबा सोबत. तेच सर भेटले. म्हणाले, काय, आलात का परत? राहवलं नाही, म्हटलं, सर, छगण माहीत आहे का? सर थांबले. म्हणाले, शेणाचा पूर्वज ना? ये, सोमवारी पहिल्या तासाला बोलू. बाबांनी कपाळाला हात लावला.

जंतांची गोळी घेतली. सशालाही याच घराण्यातली आहे, वजनाप्रमाणे कमी.

३० सप्टेंबर, रविवार

ही रोजनिशी आता बंद. उशीखाली ठेवली होती, आज सकाळी टेबलावर सापडली. पानं दुमडलेली. १८ तारखेच्या पानावर चहाचा थेंब.

नंतर स्वयंपाकघरातून ताईची हाक आली. गोड आवाजात, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी.

अहो व्याकूळ, हात धुवा आणि चहा घ्यायला या.

गेलो. साबणाने धुतले.